सृष्टी पाच, सहा की तीन? आणि डाऊनी बुरशी आहे की नाही?

विचारा तर खरं : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळी मेल उघडली तर गंमतच. सहा वेगवेगळ्या गावांतून सहा प्रश्न, कुणी शाळेतून विचारतंय, कुणी स्वयंपाकघरातून, कुणी द्राक्षबागेतून, आणि सगळे फिरून एकाच ठिकाणी येतात की सजीवांचे गट कोण पाडतं आणि कशावरून पाडतं. म्हणून हा अंक त्यांचाच. कुंडीतल्या गोगलगायी, मांजराचे केस वगैरे मंडळी पुढच्या महिन्यात, रागावू नका.

ताई, मुलगी आठवीत आहे, सायन्सचा पहिलाच धडा सजीवांच्या वर्गीकरणाचा. पुस्तकात व्हिटेकरच्या पाच सृष्टी दिल्यात. तिचा मावसभाऊ न्यू जर्सीत शिकतो, तो म्हणतो सहा. यूट्यूबवर एक सर म्हणतात सृष्टी वगैरे जुनं झालं, आता तीन डोमेन. मी कॉमर्सची, मला काही कळेना. परीक्षेत काय लिहायचं आणि खरं काय?
आठवीतल्या मुलीची आई, डोंबिवली

परीक्षेत पाच लिहायच्या. व्हिटेकर, १९६९, मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी. मार्क घ्यायचे आणि घरी यायचं.

'खरं काय' याला मात्र जरा बसून बोलावं लागेल. आधी एक कबुली देते. मी कितीतरी वर्षं ज्युनियर कॉलेजला बायो शिकवलं, आणि एकदा एका मुलाने पेपरात सहा सृष्टी लिहिल्या होत्या, आर्किबॅक्टेरिया (आता त्यांना आर्किया म्हणतात) वेगळे काढून, आणि मी त्याचा मार्क कापला कारण मॉडेल आन्सरमध्ये पाच होत्या. तो पेपर घेऊन आला, म्हणाला मॅडम यात चूक काय आहे तेवढं सांगा, आणि मला सांगता येईना, मी आपलं 'सिलॅबसमध्ये नाही' म्हणून त्याला वाटेला लावलं. अजून टोचतं ते. तर हे उत्तर थोडंफार त्याच्यासाठी पण आहे.

सुरुवात १७३५ ला. कार्ल लिनियस, स्वीडनचा, वय वर्षं अठ्ठावीस, जेमतेम डझनभर मोठ्या पानांचं एक पुस्तक काढतो आणि अख्खा निसर्ग तीन राज्यांत वाटून टाकतो: दगड, वनस्पती, प्राणी. त्याची खूणही सोपी, दगड वाढतात, वनस्पती वाढतात आणि जगतात, प्राणी वाढतात, जगतात आणि त्यांना जाणवतंही. दगड पुढे यादीतून गेले, उरले दोन कप्पे, आणि नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर ते पुरतातही की, आंबा इकडे म्हैस तिकडे, कुणाचं भांडण नाही.

भांडण सुरू होतं ते पाण्याच्या थेंबात. डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक, याने लिनियसच्याही आधी, १६७० च्या दशकात, स्वतः घासलेल्या भिंगातून तळ्याच्या पाण्यात वळवळणारे जीव बघून ठेवले होते. लिनियसला ते माहीत होते पण ठेवायचे कुठे ते समजेना, म्हणून त्याने त्यातल्या बऱ्याच जणांना 'कृमी' या गटात ढकललं आणि प्रजातीला नाव दिलं 'केऑस', म्हणजे गोंधळ. मला हा माणूस इथे फार आवडतो, आपल्याला कळत नाहीये हे त्याने लॅटिनमध्ये लिहून ठेवलं.

आता युग्लीना घ्या. हिरवा, अंगात हरितलवक, उजेडात स्वतःचं अन्न स्वतः करतो, म्हणजे वनस्पती. पण शेपटीसारखा धागा हलवत पोहतो, आणि अंधारात ठेवला तर बाहेरचं तयार अन्न शोषून दिवस काढतो, म्हणजे... काय? बी.एस्सी.ला आम्ही बॉटनीच्या जर्नलमध्येही युग्लीना काढला आणि झूलॉजीच्या जर्नलमध्येही, आणि दोन्ही मॅडमनी सही केली. अशा लोकांसाठी हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ ला तिसरा कप्पा केला, प्रोटिस्टा. मग १९२५ ला शॅटन नावाच्या फ्रेंच माणसाने बोट दाखवलं की अहो, काही पेशींत केंद्रक आहे आणि काहींत नाहीच, आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी जे आपण पाठ करतो ते शब्द त्याचे. त्या फरकाचा धागा धरून कोपलंडने १९३८ ला केंद्रक नसलेले बॅक्टेरिया वेगळे काढले, झाले चार.

आणि पाचवा कप्पा व्हिटेकरचा. हा इकॉलॉजीवाला, म्हणजे जंगलात जाऊन कोण काय करतं ते बघणारा. त्याला दिसलं की मोठ्या जीवांत तीन धंदे चालतात: कुणी उन्हावर अन्न शिजवतो, कुणी ते गिळतो, आणि कुणी सडक्या लाकडावर बसून विरघळवून शोषून घेतो. शिजवणारे वनस्पती, गिळणारे प्राणी, शोषणारे कवक. तोपर्यंत बुरशी आणि अळंबी बॉटनीच्या पुस्तकात शेवटी कुठेतरी असायच्या, बिनहिरव्या वनस्पती म्हणून, त्यांना याने स्वतःचं घर दिलं. एकपेशीय पण केंद्रक असलेले ते प्रोटिस्टा, केंद्रकच नसलेले ते मोनेरा. मांडणी इतकी सुटसुटीत की जगभरच्या शाळांनी उचलली आणि अजून सोडली नाही, आणि शिकवायला खरंच बरी आहे, मी स्वतः शिकवलीय.

अडचण एवढीच की ही वाटणी बरीचशी धंद्यावरून आहे, नात्यावरून नाही. आपल्याकडे पाटील आडनाव घ्या. कोल्हापूरचे पाटील, जळगावचे पाटील, रायगडातले आगरी पाटील, बेळगावचे पाटील, आडनाव एक कारण कधीकाळी पूर्वजांकडे गावची पाटीलकी होती, पण म्हणून ते एकमेकांचे भाऊबंद नाहीत, सुतक पाळायची वेळ आली की लगेच कळतं कोण कुणाचं. प्रोटिस्टा हे असलं पाटील आडनाव आहे. अमिबा, डायटम नावाची काचेच्या कवचाची एकपेशीय शेवाळं, मलेरियाचा जंतू, सगळे 'प्रोटिस्टा', पण आपापसात इतके लांबचे की त्यातले काही एकमेकांपेक्षा आपल्याला जवळचे निघतात. मोनेराचंही तेच झालं, ते लोणारच्या पत्रात सांगते.

तर मावसभाऊ सहा म्हणतो कारण अमेरिकेतल्या बऱ्याच पुस्तकांनी मोनेरा फोडून दोन केले. यूट्यूबवाले सर तीन म्हणतात ते सृष्टीच्या वरची पायरी, डोमेन, १९९० ला आलेली: बॅक्टेरिया, आर्किया आणि केंद्रकवाले उरलेले सगळे. आपण, आंबा, अळंबी, अमिबा सगळे त्या तिसऱ्या डोमेनमध्ये. २०१५ ला काही शास्त्रज्ञांनी मिळून सात सृष्टींची पण यादी काढली, मावसभावाला सांगा, गप्प बसेल. तिघंही खोटं बोलत नाहीयेत. कोण कुणाचं भाऊबंद हे आपण ठरवत नाही, ते घडून गेलंय आणि ते शोधावं लागतं, पण त्या भाऊबंदकीत रेघ कुठे मारायची आणि त्या तुकड्याला सृष्टी म्हणायचं की अजून काही, ते माणसं ठरवतात आणि माणसं भांडतात.

आपल्याकडे जरायुज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज हे वर्गीकरण उपनिषद काळापासून आहे. असं असताना सगळं श्रेय त्या लिनियसला का?
एक निवृत्त शिक्षक, सातारा

सर, आहे, गर्भातून येणारे जरायुज, अंड्यातून अंडज, घामातून स्वेदज, जमीन फोडून उद्भिज्ज, चारही नावं ऐतरेय उपनिषदात आहेत. छांदोग्यात मात्र तीनच, तिथे स्वेदज नाही, म्हणजे कप्पे किती यावर मतभेद तेव्हापासूनचेच. जन्म कसा होतो यावरून गट पाडायचे ही कसोटी मला चांगली वाटते, त्या हिशोबाने वटवाघूळ बरोब्बर आपल्या बाजूला येतं, पक्ष्यांत जात नाही, आणि देवमासा मासा राहत नाही. लिनियसने देवमाशाला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत आणायला १७५८ उजाडावं लागलं.

स्वेदज मात्र टिकला नाही. घामातून ऊ होते, ओलीतून किडे होतात हे ॲरिस्टॉटललाही खरं वाटायचं, त्यामुळे यात आपलं-परकं काही नाही. १६६८ ला इटलीच्या रेडीने मांसाचे तुकडे काही भांड्यांत उघडे ठेवले, काहींवर जाळीचं कापड बांधलं, माशी जिथे बसू शकली तिथेच अळ्या झाल्या. म्हणजे घामाचे म्हणून जे होते ते सगळे अंडजच निघाले बघा.

आणि लिनियसचं श्रेय गट पाडण्याचं नाहीच मुळी, ते नावांचं आहे. दोन शब्दांत नाव, जगभर एकच, वनस्पतींसाठी १७५३ चं त्याचं पुस्तक आणि प्राण्यांसाठी १७५८ चं, आजही नावांचा हिशोब तिथून सुरू होतो. पण तुम्हाला श्रेयाचंच बोलायचं असेल तर एक गोष्ट सांगते. लिनियस भारतात कधी आला नाही, इथल्या झाडांची बरीचशी माहिती त्याने घेतली ती 'हॉर्टस मलबारिकस' या बारा खंडी ग्रंथातून, मलबारच्या डच गव्हर्नर व्हान रीडने करून घेतलेला. त्याच्या १६७८ च्या पहिल्या खंडात कोचीनच्या तीन कोंकणी वैद्यांचं, रंगभट, विनायक पंडित आणि आप्पाभट, नागरी लिपीत कोंकणी भाषेतलं प्रमाणपत्र छापलंय की ही माहिती आम्ही दिली. सोबत इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याचंही आहे. त्यांची नावं शाळेच्या धड्यात यायला हवीत, त्याबद्दल भांडायचं असेल तर मी तुमच्या बाजूने.

आमच्या सासूबाई मश्रूम खात नाहीत, म्हणतात ते भाजी नव्हे. मिस्टर म्हणतात झाडासारखं जमिनीतून येतं म्हणजे शाकाहारी. एकदाचं सांगून टाका.
सून, सांगली

सासूबाई बरोबर बोलतायत पण त्यावरून मिस्टर हरले असंही होत नाही. मश्रूम म्हणजे आपली अळंबी, वनस्पती नाहीच. हरितलवक नाही, उन्हाशी देणंघेणं नाही, पेशीची भिंत कायटिनची, जे झुरळाच्या आणि खेकड्याच्या कवचात असतं, आणि साठवणीला स्टार्च नाही तर ग्लायकोजेन, जे तुमच्या-माझ्या लिव्हरमध्ये असतं. १९९३ मध्ये जीनमधले प्रोटीनचे क्रम जुळवून बघितल्यावर दिसलं की कवकांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक झाडं नाहीत, प्राणी आहेत. म्हणजे भाजीच्या टोपलीतला मश्रूम शेजारच्या कोबीपेक्षा तुम्हाला जवळचा. लांबचाच, पण कोबीपेक्षा जवळचा.

हे नुसतं गमतीचं नाही बरं का. बॅक्टेरियाला मारायला ढीगभर अँटिबायोटिक्स आहेत कारण त्यांची यंत्रणा आपल्यापेक्षा फार वेगळी, पण बुरशीची पेशी आपल्यासारखीच चालते, तिला मारणारं औषध आपल्यालाही बाधतं. २०२१ मध्ये कोविडनंतर काळ्या बुरशीचे पेशंट आले तेव्हा अँफोटेरिसिन इंजेक्शनसाठी लोक कसे वणवण फिरले आठवतंय ना, ते औषध बुरशीच्या पेशीच्या पडद्यातल्या एर्गोस्टेरॉलला पकडतं, आपल्या पडद्यात त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असतं, तेवढ्या बारीक फटीतून वार करायचा म्हणून किडनीकडे लक्ष ठेवत ठेवत ते द्यावं लागतं.

आता ताटाचं. शाकाहारी-मांसाहारी ही बायोलॉजीतली वाटणी नाही, सरकारी नियमात प्राण्यापासून आलेलं ते मांसाहारी, दूध, मध वगैरे सोडून, त्यामुळे मश्रूमच्या पाकिटावर हिरवा ठिपकाच असतो. दह्यात तर करोडो जिवंत बॅक्टेरिया असतात, आणि ते आपण उपासाला खातो. सासूबाईंना खायचं नसेल तर त्यांना नका आग्रह करू, त्यांच्या वाटचं आमच्या गोव्याच्या मावशीला पाठवा, पावसाळ्यात वारुळावर येणाऱ्या अळम्यांसाठी ती मटण सोडून देईल.

आणि घरात यावरून वाद घालायचाच असेल तर गोड्या मसाल्याचा डबा उघडा, दगडफूल काढा. ते फूल नाही, दगडाचं तर नाहीच, आणि ते एक जीवसुद्धा नाही. कवक घर बांधतं आणि आत शैवाल राहून उन्हावर स्वयंपाक करतं, असा दोघांचा संसार. दगडफुलासारख्या या मंडळींना लायकेन म्हणतात, काही लायकेनमध्ये शैवालाऐवजी किंवा शैवालाबरोबर निळे-हिरवे बॅक्टेरियाही असतात, म्हणजे चिमूटभर गोष्टीत दोन-तीन सृष्टी. स्वित्झर्लंडच्या श्वेंडेनरने १८६० च्या दशकात हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा लायकेनचा अभ्यास करणारे मोठमोठे लोक त्याच्यावर उखडले, आयुष्यभर ज्याला एक जीव म्हणून नावं दिली ते जोडपं निघालं हे कुणाला आवडेल. यादीत नाव मात्र आजही कवकाचंच लागतं, शैवालाचं नाही. घर कुणाच्या नावावर ते बघा म्हणजे झालं.

२०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा एका पेपरात आलं की बॅक्टेरियामुळे, दुसऱ्यात आलं आर्कियामुळे. दोन्ही एकच ना?
बी.एस्सी. प्रथम वर्ष, बुलढाणा

नाही रे बाबा, आणि तुझ्याच जिल्ह्यातलं आहे तर नीट समजून घे. लॉकडाऊनचा जून होता, पाणी आटून खारटपणा वाढलेला, आणि तळं एकदम गुलाबी. उल्का पडून झालेला तो खड्डा, खारं आणि वर अल्कलाइन पाणी, तिथे कोण राहणार असं वाटतं. पुण्याच्या आघारकर इन्स्टिट्यूटने नमुने तपासून सांगितलं की हे हॅलोआर्किया आहेत, मिठात सुखाने राहणारे, त्यांच्या अंगात लालसर गुलाबी रंगद्रव्य असतं. नमुना स्थिर ठेवला तर ते खाली बसले आणि वर पाणी नितळ. म्हणजे पाण्याचा रंग बदलला नव्हता, पाण्यातल्या लोकसंख्येचा रंग होता तो.

मायक्रोस्कोपखाली आर्किया आणि बॅक्टेरिया सारखेच, बारीक, केंद्रक नाही, म्हणून १९७७ पर्यंत दोघांना एकाच पोत्यात भरलं होतं, मोनेरा. मग इलिनॉय युनिव्हर्सिटीत कार्ल वूस नावाचा एक जरा एकलकोंडा माणूस होता, तो सूक्ष्मजीवांचं रूप बघायचाच नाही. प्रत्येक पेशीत प्रोटीन बनवायचा कारखाना असतो, रायबोसोम, त्यातला एक आरएनए तुकडे करून तो फिल्मवर ठिपक्यांच्या रूपात उमटवायचा आणि वर्षानुवर्षं प्रकाशाच्या टेबलावर त्या फिल्म लावून ठिपके जुळवत बसायचा. सगळ्या जीवांत हा आरएनए आहे आणि तो फार सावकाश बदलतो, म्हणून दोघांचा जितका वेगळा तितके त्यांचे वाटे जुने. रूप फसवतं, ही वंशावळ फसवत नाही.

त्याच्याच युनिव्हर्सिटीत राल्फ वूल्फ मिथेन करणारे जंतू वाढवायचे, दलदलीत, गाईच्या पोटात असतात ते, आपल्या गोबरगॅसच्या टाकीत तर हेच राबतात. त्यांचा आरएनए लावून बघितला आणि तो कुठल्याच बॅक्टेरियाशी जुळेना. वूस आणि त्याचा सहकारी जॉर्ज फॉक्स यांनी छापलं की ही जीवसृष्टीची तिसरीच फांदी आहे. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली, आणि ल्युरिया या नोबेलवाल्या शास्त्रज्ञाने वूल्फना फोन करून सांगितलं की या मूर्खपणापासून लांब राहा, करिअर जाईल. वूल्फ नंतर म्हणायचे की तेव्हा जमिनीने गिळावं असं वाटत होतं.

पुढे सगळं जुळत गेलं. आर्कियाच्या पडद्यातली चरबी वेगळ्याच रासायनिक दुव्याने जोडलेली, बॅक्टेरियाच्या भिंतीत असतं ते पेप्टिडोग्लायकॅन यांच्यात नाही, आणि जीन वाचायची यंत्रणा बॅक्टेरियापेक्षा आपल्यासारखी. २०१५ मध्ये आर्क्टिकच्या समुद्रतळाच्या गाळातून 'लोकी' नावाच्या आर्कियाचे जीन सापडले, त्यात आपल्या पेशींत असतात तसली प्रोटीन बनवायच्या सूचना. त्यामुळे आता बरेच जण म्हणतात की केंद्रकवाले आपण सगळे आर्कियाच्याच एका फांदीतून फुटलो, तिसरं डोमेन वेगळं नाहीच, दोनच. म्हणजे यूट्यूबवाले सर पण जुने झाले! तर तू जर्नलमध्ये आर्किया लिही, आणि मास्तर बॅक्टेरिया म्हणाले तर वाद घाल, पण प्रॅक्टिकलची सही झाल्यावर.

व्हायरस कुठल्या सृष्टीत?
इयत्ता सातवी, नांदेड

पाचपैकी एकाही नाही, बाळा. या सगळ्या सृष्टी पेशी असलेल्यांच्या, व्हायरसला पेशीच नसते, तो दुसऱ्याच्या पेशीत शिरून तिथल्या यंत्रणेवर स्वतःच्या कॉप्या काढून घेतो. पण व्हायरसवाल्या शास्त्रज्ञांनी अलीकडे त्यांची वेगळी यादी केली आणि त्यात सृष्टीची पायरी पण ठेवली, कोरोना ज्यात येतो तिचं नाव ऑर्थोर्नाव्हिरी. हे वर्गात सांगितलंस तर बाई तुला बाहेर काढतील किंवा मॉनिटर करतील.

ताई, आमची निफाडला द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला, पानांवर डाऊनी हा रोग आला. घरात भुरी या दुसऱ्या रोगाचं औषध शिल्लक होतं, हेक्झाकोनॅझोल, म्हटलं बुरशीनाशकच आहे, मारलं, काही उपयोग नाही. दुकानदार म्हणतो डाऊनी बुरशीच नाही, तिला वेगळं घ्या आणि महागातलं काढून दाखवलं. आयुष्यभर आम्ही दोन्हीला बुरशी म्हणतोय. हा मला गंडवतोय का?
द्राक्ष बागायतदार, नाशिक जिल्हा

दादा, तुमचं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण वरच्या सगळ्या भांडणाचे पैसे जर कुणाच्या खिशातून जात असतील तर ते तुमच्या.

भुरी खरी बुरशी आहे. अळंबीच्या, काळ्या बुरशीच्या, पावाच्या यीस्टच्या घरातली, कायटिनची भिंत आणि पडद्यात एर्गोस्टेरॉल. तुमचं हेक्झाकोनॅझोल आणि त्या '-कोनॅझोल' घराण्यातली सगळी औषधं काय करतात तर बुरशीला एर्गोस्टेरॉल बनवू देत नाहीत. पडदा फाटका राहतो, बुरशी वाढत नाही.

डाऊनी दिसते बुरशीसारखी, तसेच धागे, पानाच्या खाली तोच पांढरा कापूस, पानातून अन्नही तसंच शोषते. पण नात्याने ती कवकांची कुणी लागत नाही. तिचे भाऊबंद कोण तर समुद्रातली तपकिरी शेवाळं आणि डायटम. भिंतीत सेल्युलोज, आणि एर्गोस्टेरॉल ती बनवतच नाही. म्हणजे तुम्ही जो कारखाना बंद पाडायचं औषध मारलं तो कारखाना तिच्याकडे नव्हताच. औषध नकली नव्हतं, तुमची फवारणी पण चुकली नव्हती.

नात्याचा पुरावा तुमच्या बागेतच मिळतो. डाऊनीचे बीजाणू ओल्या पानावर फुटतात आणि त्यातून दोन शेपट्यांचे पोहणारे जीव बाहेर पडतात, पाण्याच्या पातळ थरात पोहत पानाच्या छिद्रापर्यंत जातात. शेवाळाच्या घरची सवय. म्हणून पाऊस झाला, दव पडलं, पान तासन् तास ओलं राहिलं की डाऊनी. भुरीला पानावर पाणी लागत नाही, ढगाळ दमट हवा असली की पुरे, उलट धो धो पावसात ती मागे हटते. तुम्ही हे अनुभवाने ओळखताच, पानावर तेलकट पिवळा डाग आणि खाली कापूस म्हणजे डाऊनी, वरून पिठासारखं म्हणजे भुरी.

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाटा कुजून दुष्काळ पडला तोही याच घराण्यातल्या जीवाने, तुमच्याकडे बटाटा-टोमॅटोवर करपा येतो त्यातला उशिराचा करपा तोच. गंमत म्हणजे व्हिटेकरनेही १९६९ ला या मंडळींना कवकांतच ठेवलं होतं, कारण धंदा बघितला, शोषून खातात ना. आज त्यांना क्रोमिस्टा नावाच्या वेगळ्या सृष्टीत टाकतात किंवा सृष्टीचं नाव न घेता नुसती फांदी सांगतात. पण कॉलेजात या रोगांचा अभ्यास बुरशीच्याच पेपरमध्ये होतो, औषधाच्या डब्यावर शब्द 'बुरशीनाशक' हाच, मग शेतकऱ्याने काय समजायचं? इथे मला खरंच राग येतो. पुस्तकातला कप्पा बदलून जमाना झाला, डब्यावरचा शब्द तोच.

आता औषधाचं, ढोबळ सांगते, प्रमाण आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते लेबल आणि तुमचे कृषी सल्लागार यांच्याकडून घ्या, एक्सपोर्टची बाग असेल तर रेसिड्यूची यादी आधी बघा. मेटॅलॅक्झिल, डायमेथोमॉर्फ, सायमोक्झॅनिल ही डाऊनीच्या घराण्यासाठीची, भुरीवर ती मारून काही होणार नाही. गंधक आणि कोनॅझोलवाली भुरीची. मॅन्कोझेब आणि तांब्याची औषधं एकाच ठिकाणी मार देत नाहीत, पेशीत बऱ्याच ठिकाणी गडबड करतात, त्यामुळे त्यांना नातंगोतं फारसं बघावं लागत नाही. म्हणूनच बोर्डो मिश्रण डाऊनीवर चालतं. ते सापडलं पण कसं बघा, फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना भीती वाटावी म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडायचे, मिलार्डे नावाच्या प्रोफेसरने बघितलं की त्याच वेली डाऊनीतून वाचल्यात, आणि १८८५ ला त्याने ते छापलं. चोरांचे उपकार म्हणायचे.

आणि एक, मेटॅलॅक्झिलसारखं एकाच जागी मार देणारं औषध एकटं, सारखं सारखं मारू नका, डाऊनी त्याला लवकर सरावते, म्हणूनच ते बहुतेक वेळा मॅन्कोझेबबरोबर मिसळून येतं. दुकानदाराने महागातलं जे दाखवलं त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटकाचं नाव असतं, ते वरच्या यादीशी ताडून बघा, तोच घटक स्वस्तातल्या कंपनीचाही मिळतो का विचारा. बाकी डाऊनी बुरशी नाही म्हणाला त्यात तो तुम्हाला गंडवत नाहीये. किमतीचं तुमचं तुम्ही बघा.